शिशाचा मासा

मासे पकडणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. तळ्याचा काठ, झाडाची सावली, हातात बांबूची काठी आणि काठीच्या या टोकाला पेंगणारा एक सुखी गृहस्थ. व्यंगचित्रकारांनी हे चित्र इतक्या वेळा काढले आहे की गळ टाकणे म्हणजे वेळ घालवणे, असाच आपला समज होऊन बसला आहे. खोल समुद्रात शिशाच्या माशाने खरा मासा धरण्याची जी तऱ्हा मी गेल्या मार्चमध्ये अंदमानात पाहिली, आणि हौसेने स्वतः केलीही, तिच्यात पेंगायला क्षणाची फुरसत नसते. ती निम्मी कसरत आहे आणि निम्मे घुसळण.

माझा मासळीशी संबंध तसा जन्माचा. पण तो बाजारातला. कल्ले उचलून लाली पाहावी, पोटाला बोट लावून पाहावे, कोळणीशी दोन शब्द घासाघीस करावी आणि पिशवी भरून घरी यावे. मासा या बाजूने मला पुरा ठाऊक आहे. त्या बाजूने, म्हणजे पाण्याच्या बाजूने, तो कसा असतो हे पाहण्याचा योग आणला तो माझ्या भाच्याने. त्याला या खेळाचे वेड आहे. "मावशी, तू नुसती होडीत बस," असे म्हणून त्याने मला नेले.

मराठी माणसाला अंदमान म्हटले की आधी काळे पाणी आठवते. सेल्युलर जेलच्या त्या कोठड्यांपुढे उभे राहिल्यावर समुद्राकडे मौजेने पाहायला मन थोडा वेळ तयार होत नाही. ते दर्शन घेऊन आम्ही आगबोटीने हॅवलॉक बेटावर गेलो. या बेटाचे नाव २०१८ सालापासून स्वराज द्वीप आहे, आणि पोर्ट ब्लेअरचे २०२४ पासून श्री विजयपुरम. होडीवाल्यांच्या तोंडी मात्र अजून जुनीच नावे आहेत. घड्याळ आपलेच, सूर्य मात्र घाईचा. आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि ही बेटे त्र्याण्णवच्या आसपास, त्यामुळे पाच-सव्वापाचलाच फटफटते आणि संध्याकाळी सहाला दिवे लागतात.

अशा फटफटीत वेळी आम्ही निघालो. भाड्याची होडी तीसेक फुटांची, फायबरची, मागे दोन इंजिने. कप्तान तेलुगू घराण्यातला, पण जन्म अंदमानचा. त्याचा जोडीदार मायाबंदरकडचा करेन. हे करेन लोक १९२५ साली ब्रह्मदेशातून येथे वसायला आले. जंगल आणि पाणी दोन्ही त्यांच्या हाडात मुरलेले. दोघांची आपसांतली भाषा हिंदी, अंदमानी वळणाची. कप्तानाने मला पाहताच 'अम्मा' करून टाकले आणि बसायला सावलीतली जागा दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आज खाने के लिए दो मछली। बाकी सब वापस।" मासळी आणायला निघालेल्या होडीवर हा नियम मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तासाभराने इंजिने मंदावली. होडीवरच्या छोट्या पडद्यावर समुद्राचा तळ रेघेने उमटत होता. साठ मीटर, सत्तर, नव्वद, आणि त्यापुढे ती रेघ कड्यावरून खाली कोसळावी तशी नाहीशी झाली. अंदमानची बेटे म्हणजे ब्रह्मदेशातील आराकान योमापासून सुमात्राकडे जाणाऱ्या बुडालेल्या पर्वतरांगेची शिखरे. त्या डोंगराच्या पूर्व उतारावर आम्ही तरंगत होतो. कप्तानाने ईशान्येकडे बोट केले. तिकडे, क्षितिजापलीकडे, बॅरन बेट होते. भारतातला एकुलता एक जागृत ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षे झोपून १९९१ साली तो पुन्हा जागा झाला. वर सगळे निळे आणि शांत, आणि खाली हा सारा खटाटोप!

आता तो शिशाचा मासा. इंग्रजीत त्याला जिग म्हणतात. वीतभर लांबीचा, पाव किलो वजनाचा, वर रुपेरी आणि गुलाबी रंग चढवलेला. त्याला ना आमिष लावायचे, ना वास. गळही शेपटीला नाही; तो डोक्याशी, जाड दोऱ्याच्या फासाने लोंबकळतो, कारण मोठा मासा बहुधा भक्ष्याच्या डोक्यावर झडप घालतो. या खेळाचे आजचे रूप घडवले ते जपानी लोकांनी. दोरीही त्यांच्या पद्धतीची, विणलेली, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा फारशी जाड नाही, पण माणसाला उचलील इतकी चिवट. दर दहा मीटरला तिचा रंग बदलतो. पाणी किती खोल आहे हे रंग मोजून कळते. विणकामात टाके मोजण्याची सवय असलेल्या आमच्या भगिनींना हे एका मिनिटात जमेल.

शिसे सोडले की दोरी सुसाट जाते. निळा, पिवळा, लाल, हिरवा. नऊ रंग गेले की एकाएकी दोरी सैल पडते. तळ लागला! नव्वद मीटरांवरचा, जिथे उजेडही जेमतेम पोचतो असा तळ, आणि तो माझ्या बोटांना कळला. त्या क्षणी मला जे वाटले ते मासा लागल्यावरही वाटले नाही. मग लगेच वर ओढायचे. काठी उचलायची, रीळ एक फेरा फिरवायचे, काठी खाली, पुन्हा उचलायची. ताक घुसळताना रवीला जसा ठेका सापडतो तसा एक ठेका सापडावा लागतो. तो सापडला की खाली शिशाचा तुकडा घायाळ मासोळीसारखा लटपटतो, पळतो, थबकतो. मासा फसतो तो या नाचाला. ठेका चुकला की तुम्ही नुसते शिसे वरखाली करणारे हमाल. होडी प्रवाहात सरकत असते; दोरी तिरकी होऊ लागली की सगळे गुंडाळायचे, होडी पुन्हा कड्यावर आणायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिला मोठा मासा भाच्याला लागला. काठी कमानीसारखी वाकली, रीळ किंचाळू लागले, करेन जोडीदाराने त्याची कंबर धरली. दहा मिनिटे ही झटापट चालली. मग खाली एक हिसका बसला आणि दोरी एकदम हलकी झाली. वर आले ते ट्यूना जातीच्या माशाचे फक्त डोके, मागचे सगळे कापून काढल्यासारखे. शार्कने आपला वाटा उचलला होता. भाचा हिरमुसला. मला वाटले, आता दुसऱ्यांदा प्रयत्न होईल. पण कप्तानाने मुकाट्याने इंजिन सुरू केले. शार्क एकदा मागे लागला की त्या जागी धरलेला प्रत्येक मासा त्याच्या तोंडी द्यायचा, हे त्याला मंजूर नव्हते. पाऊण तास दूर जाऊन आम्ही पुन्हा दोऱ्या सोडल्या. तिथे एक तांब मिळाली, तीन किलोंची, लालभडक. ती बर्फात गेली. दोहोंपैकी एक झाली.

आणि मग माझी काठी वाकली.

सुरुवातीला वाटले तळाच्या खडकात अडकले. पण खडक हिसके देत नाही. हात भरून आले, खांद्यात कळ आली, तरी मी रंग मोजत होते. पाच रंग वर आले आणि ओझे हळूहळू हलके झाले. "दमला वाटतं," मी म्हटले. कप्तानाने मान हलवली. "थका नहीं अम्मा, फूल गया।"

वर आला तो हेकरू. आठ किलोंचा तरी असेल. तपकिरी अंगावर ठिपके, कडेला मोतिया झाक. बाजारातल्या बर्फावर असा रंग मी कधी पाहिला नव्हता. पण त्याचे पोट ढोलासारखे ताठ होते, डोळे बाहेर आले होते, आणि जठर उलटून तोंडात आले होते. हिशोब साधा आहे. पाण्यात दर दहा मीटरला हवेचा एकेक दाब वाढतो. नव्वद मीटरांवर तो पृष्ठभागाच्या दहापट असतो. माशाच्या पोटात वायूची पिशवी असते; तिच्या बळावर तो खोलीवर स्थिर राहतो. त्याला वर ओढले की तो वायू दहापट फुगू पाहतो. असा मासा पाण्यात नुसता सोडला तर तो बुडूच शकत नाही. फुगा होऊन उन्हात तरंगतो आणि पक्ष्यांच्या नाहीतर शार्कच्या तावडीत सापडतो. त्याला सोडणे म्हणजे दया नव्हे, नुसती नजरेआड करणे.

"आपकी मछली है अम्मा, आप बोलिए," कप्तान म्हणाला. बर्फात एका माशाची जागा होती. भाचा म्हणाला, "ठेवूया ना मावशी, केवढा आहे!" माझ्या डोळ्यांपुढे त्याच्या तुकड्या, कोकमाचे आगळ, तिरफळे, सारे येऊन गेले. खोटे कशाला सांगू? पण कप्तानाने मघाशी दोरी गुंडाळता गुंडाळता सांगितलेली एक गोष्टही आठवली. हेकरूच्या बहुतेक जाती आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. म्हणजे कड्यावरचे मोठे मासे काढत गेले की एका जागचे नरच नाहीसे होऊ लागतात. आठ किलो व्हायला त्याला किती वर्षे लागली असतील! आणि रात्री जेवायला आम्ही माणसे पाच, तांब पुरून उरणारी.

"खाली पाठवा," मी म्हटले.

करेन जोडीदाराने एक चिमटा काढला. त्याला दोन किलोंचे वजन आणि दुसरी दोरी. चिमटा माशाच्या खालच्या ओठाला लावला, ओल्या हातांनी मासा अलगद पाण्यात उतरवला आणि दोरी सोडली. जसजसा तो खोल जातो तसतसा दाब वाढून फुगलेला वायू पुन्हा आकसतो. वर सोडून दिलेल्या माशापेक्षा असा नेलेला मासा जगण्याची आशा पुष्कळ अधिक. रंग जात राहिले. आठवा रंग गेल्यावर त्याने दोरीला एक हिसका दिला. चिमटा वर आला तेव्हा रिकामा होता.

जो मनुष्य दिवसभर आम्हाला मासा वर कसा आणायचा हे शिकवत होता, त्याची खरी करामत मला त्या रिकाम्या चिमट्यात दिसली. शिशाच्या तुकड्याने मासा फसवायला ताकद लागते, ठेका लागतो, आणि पैसेही बरेच लागतात. त्याला त्याच्या घरी पोचवायला मात्र त्याचे घर ठाऊक असावे लागते.

रात्री बेटावरच्या खानावळीत तांबेचे कालवण झाले. नारळ ताजा होता. भाच्याने दोनदा भात घेतला आणि आठ किलोंच्या हेकरूची गोष्ट शेजारच्या टेबलाला सांगितली. सांगता सांगता तो बारा किलोंचा झाला. मी मध्ये बोलले नाही. पाण्याखाली राहिलेल्या माशाला वाढायला कुणाची हरकत असणार?