गाडी परत बोलावतात तेव्हा



गॅसच्या नळीवरची तारीख आपण बघतो. कुकरची शिट्टी नीट वाजली नाही तर झाकण उघडून व्हॉल्व्ह तपासतो. रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद केला का, हे अंथरुणातून उठून पाहणाऱ्या बायका आपल्यात कमी नाहीत. पण घरातलं दुसरं इंधन खाली पार्किंगमध्ये उभं असतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही. ते खातं पुरुषांचं, असं आपण धरून चालतो. म्हणून आज स्वयंपाकघर सोडून जरा पार्किंगमध्ये जाऊ या.

आमच्या लवळ्यात गाडीवाचून पान हलत नाही. डोंगरावर विद्यापीठ झालं, भोवती इमारती उठल्या, पण दवाखाना, बँक, मंदिर, मोठा बाजार यांसाठी सूसमार्गे पाषाणला नाहीतर नांदे-पिरंगुटकडे जावंच लागतं. आमच्या इमारतीत एकाच कंपनीच्या, एकाच सुमाराच्या चार गाड्या आहेत. गेल्या वर्षी चारही घरांना निरोप आला: इंधनाच्या नळीच्या जोडात दोष आढळला आहे, गळती होऊन आग लागण्याची शक्यता आहे, गाडी आणा, विनामूल्य दुरुस्ती करून देऊ. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते त्या चार घरांबद्दल.

दुसऱ्या मजल्यावरचे काका संतापले. "नवी गाडी द्या, नाहीतर पैसे परत करा," म्हणून दोन दिवस फोनवर भांडले. तळमजल्यावरच्या घरात निरोप कुणी वाचलाच नाही. कंपनीची जाहिरात समजून पुसून टाकला. आमच्याकडे हे म्हणाले, "दोन वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?" आणि चौथ्या घरच्या वहिनींनी मला हळूच सांगितलं, "आम्ही विकून टाकतोय. गिऱ्हाईकही मिळालंय."

राग, दुर्लक्ष, 'काही होत नाही' आणि 'आपल्या गळ्यातून काढा' अशा चार तऱ्हा. मला वाटतं, घराघरांत याच असतात.

'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी थोडं मागे जाऊन बघावं. २०१० च्या मार्चमध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेली जाणारी कोरी नॅनो रस्त्यातच पेटली. माणसं सुखरूप बाहेर पडली. त्यानंतर आणखी काही घटना झाल्या आणि वर्षअखेरीस टाटा मोटर्सने सत्तर हजारांहून जास्त नॅनोंमध्ये एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं ठरवलं. मात्र हे 'रिकॉल' नाही, असंही कंपनीने आवर्जून सांगितलं. त्या नोव्हेंबरात देशभर जेमतेम ५०९ नॅनो विकल्या गेल्या. कारणं इतरही होती, पण पेटलेल्या गाडीचा फोटो लोकांच्या डोळ्यांसमोरून गेला नव्हता.

पुढे आपल्या पुण्यातच, २६ मार्च २०२२ ला लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची विजेवरची स्कूटर पेटली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एप्रिलमध्ये ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. लक्षात घ्या, लोहगावची स्कूटर चालत नव्हती, नुसती उभी होती. इमारतीखाली गाड्या लावणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी यात सगळं आलं. आग एका गाडीला लागते, पण धूर जिन्यातून वर चढतो.

काकांच्या रागाचंही मला पटतं. आपण घामाचे पैसे मोजून वस्तू घ्यायची आणि तिचा दोष आपणच निस्तरायचा, हे कुणाला आवडेल? मी त्यांना एवढंच म्हटलं की भांडा, पण हातात काय आहे ते माहीत करून भांडा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांबद्दल मालकांना सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. एका मॉडेलच्या तक्रारी ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्या की सरकार चौकशी करून गाड्या परत बोलवायला लावू शकतं. मग कंपनीला दुरुस्ती करून द्यावी लागते, गाडी बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात, शिवाय दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली. कंपनीने दोष स्वतःहून ओळखला, सरकारला कळवलं आणि गाड्या परत बोलावल्या, तर तिला हा दंड नाही. आपल्याकडे आलोचना म्हणतात ती याहून वेगळी काय? कुणी पकडण्याआधी आपला दोष आपण होऊन सांगायचा, काही न लपवता, आणि मग सुधारणेला लागायचं. म्हणून निरोप आला की "बघा, गाडीच खराब" असं म्हणून कंपनीला शिव्या घालण्यापेक्षा, जी कंपनी कळवते ती न कळवणारीपेक्षा बरी, एवढं तरी मानावं.

आता वहिनींचं. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा मुलगा. कर्ज काढून गाडी घ्यायची आणि विद्यापीठातल्या मुलांना स्टेशनवर सोडायचा धंदा करायचा, असा त्याचा बेत. वहिनींना मी विचारलं, "त्याला सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "त्याच्या नावावर झाली की कळवतील ना त्याला." पण निरोप येतो तो कंपनीकडे नोंदलेल्या फोनवर, आणि तो वहिनींचाच. त्याला कोण कळवणार? वर तो दिवसाचे दहा तास ती चालवणार, मागे कुणाची तरी मुलं बसवून.

वहिनी रोज सामायिकाला बसतात. मुंगीवर पाय पडू नये म्हणून अंगणातून जपून चालतात. मी त्यांना म्हटलं, वहिनी, यत्नाचार फक्त झाडू मारताना असतो का? जिवाला धोका आहे हे कळल्यावर ती वस्तू न सांगता दुसऱ्याच्या हाती देणं, हे पाणी न गाळण्याहून लहान कसं? त्या काही बोलल्या नाहीत. पण आठ दिवसांनी त्यांनी गाडी दुरुस्त करून आणली, दुरुस्तीचा कागद त्या मुलाला दाखवला आणि मग विकली. कागद पाहून त्याने भाव पाडला. दहा हजार कमी आले. त्यासाठी वहिनी माझ्यावर अजून थोड्या रुसून आहेत. असू दे.

आमच्या गाडीला सुटा भाग मिळायला अकरा दिवस लागले. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं असतं. रिक्षा, भाड्याची गाडी, एकदा भाच्याची मोटारसायकल असं करून निभावलं. गाडी तोवर इमारतीखालून काढून मोकळ्या जागेत उभी केली. प्रत्यक्ष काम तीन तासांचं, खर्च शून्य. यांनी परत येताना एवढंच म्हटलं, "पेट्रोलचा वास येत होता म्हणायचीस, तो गेला."

मैत्रिणींनो, या रविवारी एवढं करा. आरसी बुकवर सतरा अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून आपली गाडी परत बोलावलेल्यांत आहे का ते विचारा. गाडी जुनी घेतलेली असेल तर नक्कीच विचारा आणि आपला फोन नंबर नोंदवा. बाहेरून तारा कापून जादा दिवे किंवा गाणी लावून घेऊ नका. आपल्याकडे शेतं जवळ, उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेट अधूनमधून उघडून बघा. पेट्रोलचा किंवा काही जळाल्याचा वास आला तर घरच्यांच्या मागे लागा. नाक आपलं तयार असतं, फोडणी करपायच्या आधी ते सांगतं. विजेची स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, आणि जिन्याच्या तोंडाशी तर लावूच नका.

आणि गाडी विकायची असेल, तर आधी दुरुस्ती, मग किंमत.

जय जिनेंद्र.