विकेट आमच्या, कर्णधार त्यांचा

‘खेळात जात नसते, मैदानावर फक्त आकडे बोलतात.’ आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येते. आमच्या दिंद्रुडच्या पारावर ते जसे ऐकू येते, तसेच ते आम्ही समाजशास्त्राच्या वर्गातही ऐकले. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: ‘क्रिकेटच्या संघात आरक्षण देता का?’ ठीक आहे, मग आकड्यांवरच बोलू.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. १८९२ च्या सुमारास ते पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर रोलर फिरवायचे, जाळ्या बांधायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला बाद केले की आठ आणे मिळत, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे बळीचा भाव ठरलेला होता. बॅट मात्र हाती मिळत नव्हती. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण गोऱ्यांना हरवायचे होते. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांच्या हाती चाले, पण चहाच्या वेळी ते मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यासह. जेवणाचे पानही वेगळेच.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्या संघाचा कर्णधार कोण? पतियाळाचे महाराजा. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंचे १७९ बळी आहेत, सरासरी सुमारे १५. एवढे आकडे बोलूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळाले नाही. आकडे बोलत होते. ऐकणारे निवड समितीत बसले होते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये ‘सॅक’ नावाचा प्रकार आहे. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला आडवे करायचे. आपल्या कबड्डीतल्या पकडीसारखेच. हा शब्द रूढ करणारा डीकन जोन्स हा कृष्णवर्णीय खेळाडू. नागरी हक्कांच्या निदर्शनात भाग घेतला म्हणून कॉलेजने त्याची शिष्यवृत्ती काढून घेतली होती. साठच्या दशकात त्याने प्रतिस्पर्ध्यांना सळो की पळो करून सोडले, पण सॅकची अधिकृत नोंद लीगने १९८२ पासून सुरू केली. तोवर तो निवृत्त झाला होता. संघात कृष्णवर्णीय खेळाडू पुष्कळ असूनही मुख्य प्रशिक्षक मात्र बहुतेक गोरेच असत. शेवटी २००३ मध्ये लीगला नियम करावा लागला की या पदासाठी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. गुणवत्तेचे सगळ्यात मोठे मैदान म्हणवणाऱ्यांनाही नियमाची गरज पडली.

आता आपल्यातल्याच काही तरुणांचा आक्षेप. ‘बाळू १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात गेले, १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यांचे नाव आपण कशाला घ्यायचे?’ आम्ही म्हणतो, घेतलेच पाहिजे, आणि त्याच कारणासाठी घेतले पाहिजे. सवर्णांचे मन हळूहळू बदलेल या भरवशावर बाळू राहिले. पण त्यांच्याच घरात काय घडले? १९२० मध्ये कर्णधारपदावरून डावलले गेले तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका जाहीरपणे मांडली. त्यानंतर बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. इतक्या वर्षांच्या विकेटींनी जे दार उघडले नाही, ते दोन भावांच्या नकाराने किलकिले झाले. बाळूंचे राजकारण काहीही असो, त्यांचे आयुष्य बाबासाहेबांचीच बाजू सिद्ध करते: हक्क कर्तबगारीचे बक्षीस म्हणून मिळत नाहीत, संघटित होऊन ते घ्यावे लागतात.

आमच्या भागात आज काय चित्र आहे? माजलगाव, धारूरच्या वाड्या-वस्त्यांवर टेनिस बॉलने उभ्या यष्ट्या उडवणारी पोरे आहेत. पण दिवाळी झाली की आई-बाप उचल फेडायला कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि पोरगा बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो. निवड चाचणीच्या दिवशी तो फडात मोळ्या बांधत असतो. त्याची विकेट कोणत्याच वहीत चढत नाही. नंतर हेच लोक म्हणतात, ‘तुमच्यातून खेळाडूच येत नाहीत.’

म्हणून मित्रांनो, जयंतीला स्पर्धा भरवताना फक्त चषक वाटून थांबू नका. आपल्या पोरांच्या कामगिरीची नोंद ठेवा. तालुका-जिल्ह्याच्या निवड समितीत कोण बसले आहे, निवड कोणत्या निकषावर झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. हंगामी वसतिगृहात मैदान आणि प्रशिक्षक मागा, म्हणजे पोरगा गावात राहील. आणि ‘आकडे बोलतात’ असे कोणी म्हटले, की एवढेच विचारा: वही कोणाच्या हातात आहे?

जय भीम!