भाकरीच्या अंतरावरचा एकांत

लेणे या शब्दाचे मूळ ‘लयन’ या संस्कृत शब्दात असून चिकटून राहणे, दडणे, विसावणे असा त्याचा धात्वर्थ आहे; प्राकृतात त्याचे ‘लेण’ झाले आणि सह्याद्रीतील दानलेखांत डोंगराच्या पोटी कोरलेल्या निवाऱ्यासाठी हाच शब्द रूढ झाला. आज लेणे म्हटले की चैत्याची कमान आणि स्तंभांची रांग डोळ्यांपुढे उभी राहते, आणि अंगावरच्या दागिन्यालाही मराठीत लेणेच म्हणत असल्यामुळे (त्या शब्दाची वाट निराळी असली तरी) त्यात शोभेचा अर्थ नकळत मिसळतो. मूळ अर्थ मात्र पावसाने झोडपलेल्या माणसाला अंग चोरून बसता येईल अशा कोरड्या जागेचा आहे. इंदुरीच्या परिसरात हा जुना अर्थ अजून जागच्या जागी सापडतो, कारण येथील भंडारा डोंगरावरच्या लेण्यांना कार्ल्याचा किंवा भाज्याचा डौल नाही आणि निवाऱ्यापलीकडे काही होण्याचा हट्ट त्यांनी धरलेला दिसत नाही.

इंदुरी हे मावळ तालुक्याच्या पूर्व कडेचे, तळेगाव दाभाडेहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, इंद्रायणीकाठचे गाव. सूर्य जिकडे मावळतो तिकडचा मुलूख तो मावळ, अशी या नावाची उकल लोक करतात, आणि ती खरी मानली तर इंदुरी हा मावळाचा उगवतीकडचा उंबरठा ठरतो. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलीमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस येथे पोहोचेपर्यंत कित्येक पटींनी उणा झालेला असतो, डोंगर बुटके आणि एकेकटे होत जातात, आणि भातखाचरांच्या जोडीला जिरायती रानाची तांबूस-करडी छटा दिसू लागते. गावात नदीकाठी भुईकोट गढी आहे. 1717 मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी ज्यांना सेनापतिपद दिले त्या खंडेराव दाभाडे यांची ती. तटाच्या आत कडजाई देवीचे मंदिर आहे. सत्तेने निवाऱ्यासाठी निवडलेली जागा सपाटीवर, पाण्याच्या अगदी लगत आणि भिंतींच्या आत होती, तर विरक्तांनी निवडलेली जागा त्याच गढीच्या बुरुजांवरून दिसणाऱ्या उंचवट्यावर, भिंतींवाचून आणि दारावाचून होती.

इंदुरीच्या उत्तरेकडील शिवारे ओलांडली की जाधववाडीचा जलाशय येतो. इंद्रायणीला मिळणाऱ्या सुधा या लहानशा नदीवर मातीचे धरण घालून हे पाणी अडवले आहे. सुदुंबरे, सुदवडी ही आसपासची गावे याच नदीच्या खोऱ्यातली. इतक्या जुन्या प्रदेशात जलाशय ही नवी वस्तू आहे, आणि तरीही ती नवी वाटत नाही, कारण पाणी स्थिरावले की थोड्याच वर्षांत काठाला काठाची रीत येते: गाळाच्या पट्ट्यावर गुरांच्या खुरांचे ठसे उमटतात, उतरत्या पाण्यामागोमाग हिरवळ सरकत जाते, बाभळीच्या वाळल्या फांदीवर खंड्या बसतो. येथून चालणाऱ्याला दम लागत नाही. वाट कधी पाण्याच्या लगत येते, कधी बांधाआड जाते, आणि पावलांची गती अशी मंदावते की मनालाही तिच्याहून पुढे धावावेसे वाटत नाही.

हिवाळ्यात मावळातील अशा तळ्यांवर टिबुकल्या, हळदी-कुंकू बदके आणि उत्तरेकडून आलेले चक्रवाक दिसतात. पण या विशिष्ट काठावर नाव घेण्याजोगा पक्षी म्हणजे वारकरी. अंगाने काळा, पाणकोंबडीच्या कुळातला आणि कपाळावर पांढऱ्या टिळ्यासारखी ठसठशीत खूण असलेला हा पक्षी थव्याने पाण्यावर असतो, आणि त्याला हे नाव देणाऱ्यांच्या नजरेत पंढरीच्या वाटेवरचे टिळा लावलेले कपाळ किती मुरलेले असेल याची साक्ष ते नावच देते. पाण्यावर वारकऱ्यांचा थवा आणि त्याच्या पलीकडे संत तुकोबांचा भंडारा डोंगर, असे दृश्य येथे दिसते. ते कोणी मुद्दाम रचलेले नाही, म्हणूनच ते मनात राहते.

भंडारा डोंगर उंचीने थोडका आहे. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांच्या झिजेतून उरलेल्या अवशेषांपैकी तो एक. त्याच्या अंगावर घट्ट, काळ्या बेसॉल्टचे आणि वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या मऊसर दगडाचे पट्टे आलटून पालटून आढळतात. कोरणाऱ्याला जे हवे असते ते या रचनेत असते: वरचा कठीण थर छत म्हणून टिकतो, खालचा थर छिन्नीला वाट देतो, आणि भेगांतून झिरपत आलेले पाणी दोन थरांच्या सांध्याशी अडून बाहेर डोकावते. म्हणूनच मावळातील लेण्यांत खोलीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, टाक्याला महत्त्व आहे. दानलेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. भाजे येथे कोसिकीपुत विण्हुदत या महारठीने अशी पोढी दिल्याचा लेख आहे, आणि बेडसे येथील टाक्यावरच्या लेखात समडिनिका या महारठिनीचे दान नोंदले आहे. महारठी म्हणजे सातवाहन काळातील प्रादेशिक अधिकारी किंवा सरदार. त्यांच्या घराण्यांतील माणसांनी पाण्याचे कुंड दिले आणि त्यावर नाव घातले, एवढ्यावरून त्या काळी निवारा कशाला म्हणत हे कळते. छप्पर डोंगर देतोच, पाणी मात्र कोणालातरी द्यावे लागते. भंडाऱ्यावर असे नामांकित लेख नसले तरी खडकातल्या गुहा आणि टाकी तीच रीत सांगतात.

या गुहांचा मूळ उपयोग वर्षावासाचा. पावसाळ्याचे तीन महिने बौद्ध भिक्षूंनी भ्रमंती थांबवून एका ठिकाणी राहावे, चिखलात उगवणारे कोंभ आणि किडामुंगी पायांखाली चिरडू नये, या नियमाला वर्षावास म्हणतात. आजही मराठी घरांत ओळखीचा असलेला चातुर्मास त्याचाच सोयरा. परंतु भिक्षू स्वतः शिजवत नसे, त्याचे अन्न गावातून येई, आणि म्हणून विनयग्रंथांत विहाराच्या जागेविषयी एक मार्मिक अपेक्षा नोंदलेली आहे: ती गावापासून फार लांब नसावी आणि फार जवळही नसावी. सह्याद्रीतील लेण्यांकडे पाहताना ही अपेक्षा सहसा विसरली जाते, आणि लेणी दुर्गम कपारीत का कोरली असावीत याचे नवल केले जाते. वस्तुतः मावळातील बहुतेक लेणी भरल्या खोऱ्यांच्या आणि घाटवाटांच्या डोक्यावर आहेत; सकाळी भिक्षापात्र घेऊन उतरावे आणि ऊन तापण्यापूर्वी परतावे, इतकेच ते अंतर आहे. त्या काळचा एकांत पावलांनी मोजून घेतलेला होता.

तेच माप पुढे सोळा-सतरा शतकांनी तुकोबांच्या चरित्रात पुन्हा दिसते. तुकोबांचे गाव देहू भंडाऱ्यापासून दोनेक कोसांवर (कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर) आहे. 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळाने त्यांचा व्यापार बुडवला, पहिली पत्नी नेली, आणि त्यानंतर भामचंद्र, भंडारा व घोरवडेश्वर या तीन डोंगरांवर त्यांनी एकांत शोधला. तिन्ही ठिकाणी आधीच कोरलेल्या गुहा होत्या, म्हणजे भिक्षूंसाठी खोदलेला निवारा विठ्ठलभक्ताच्या कामी आला. परंपरा सांगते की त्यांच्या दुसऱ्या पत्नी जिजाबाई रोज भाकरी घेऊन भंडाऱ्यावर चढत, आणि वाटेत त्यांच्या पायात रुतलेला काटा साक्षात विठ्ठलाने काढला. या कथेत तुकोबांच्या वैराग्यापेक्षा त्या काट्याला अधिक वजन आहे. डोंगरावरचा एकांत खालच्या चुलीवर, थापल्या जाणाऱ्या भाकरीवर आणि ती डोक्यावर घेऊन उन्हात चढणाऱ्या बाईच्या पायांवर उभा होता, हे लोकस्मृतीने विसरू दिले नाही. कथेतला देवही गुहेकडे वळण्याआधी तिच्या वाटेवर थांबला.

अनोळखी माणसासाठी निवारा राखण्याची रीत एकट्या सह्याद्रीची नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात, तळ्यांच्या काठी, मेंढपाळांनी सोडून दिलेली दगडी घरे वाटसरूंसाठी उघडी ठेवतात. त्यांना बॉथी म्हणतात, त्यांना कुलूप नसते, भाडे नसते, आणि 1965 पासून तेथील एक स्वयंसेवी संस्था त्यांची डागडुजी करते. पोढी देणारा महारठी आणि पावसाने गळणारे छप्पर सुट्टीच्या दिवशी जाऊन शाकारणारा तिकडचा स्वयंसेवक यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण काम कळले असते: आपण कधी भेटणार नाही अशा माणसाच्या रात्रीची सोय करून ठेवणे.

भंडाऱ्यावर आता मोटारीचा रस्ता जातो. माथ्यावर तुकोबांच्या भव्य दगडी मंदिराचे काम उभे राहते आहे, आणि माघ शुद्ध दशमीला, म्हणजे तुकोबांना गुरूपदेश झाला त्या तिथीला, होणाऱ्या सप्ताहात हजारोंच्या पंगती बसतात. खाली तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतींची पत्र्यांची छपरे दूरवर चमकतात. गर्दीविषयी तक्रार करण्याचे कारण नाही, कारण ती तुकोबांच्याच ओढीने येते. तरीही गुहांकडे जाणाऱ्या पायवाटेवर बाटल्या आणि वेष्टने पडलेली दिसतात, टाक्यांच्या पाण्यावर शेवाळाबरोबर प्लास्टिक तरंगते, तेव्हा दुःख होते. ज्या पाण्यासाठी माणसांनी खडक फोडला ते पाणी घाण करणे हा त्या न भेटलेल्या दात्याचा अपमान आहे, आणि तो सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण दिसत नाही.

पायवाटेने चढणाऱ्याला मात्र अजूनही तो जुना क्रम सापडतो: आधी तळे, मग बांध, मग घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या, मग उघडा खडक आणि शेवटी गुहेच्या तोंडाशी येणारी गार हवा. आत बसले की बाहेरचा उजेड चौकटीत बसतो आणि त्या चौकटीत खालचा मुलूख मावतो. संध्याकाळी खालच्या वस्त्यांवर चुलींचा धूर पसरू लागतो, आणि वर बसलेल्याला भुकेची जाणीव होते तेव्हा उतरायला पुरेसा उजेड अजून शिल्लक असतो.