कागदावर नसलेले सूर

जुन्या युरोपी संगीताचा क्वायर चालवणाऱ्याला संशोधक व्हावंच लागतं. त्यात हौसेचा भाग कमी, नाइलाजाचा जास्त. सोळाव्या शतकातल्या गायकासमोर आजच्यासारखा सगळे आवाज एकाखाली एक मांडलेला कागद सहसा नसे. प्रत्येकाला आपल्या आवाजापुरतीच ओळ. मात्रांचे गट पाडणारे दंड नाहीत, लय किती ठेवायची ते लिहिलेलं नाही, आणि कुठला स्वर अर्ध्या स्वराने चढवायचा किंवा उतरवायचा हे पुष्कळदा गाणाऱ्याच्या तालमीवर सोडलेलं. पहिला ठोका देण्याआधी हे सगळं कंडक्टरला ठरवावं लागतं. ते पुरावा पाहून ठरवलं नाही तर सवयीने ठरतं, आणि आमच्या कानांची सवय बहुतेक एकोणिसाव्या शतकाची. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’तली बंदिश ज्याने नुसती वाचून गायली असेल, त्याला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. सूर जागेवर पडतात, ख्याल उभा राहत नाही.

रिचर्ड टारस्किन या अमेरिकन अभ्यासकाचा आक्षेप असा, की ‘अस्सल जुनं’ म्हणून जे सादर होतं त्यात विसाव्या शतकाचीच आवड बोलते. मला तो बराचसा पटतो. चारशे वर्षांपूर्वीचा गळा कुणी ऐकलाय? पण म्हणून अभ्यास सोडा, असं त्यातून निघत नाही. निकोलाउस हार्नोनकूर्ट १९५२ ते १९६९ व्हिएन्ना सिम्फनीत चेलो वाजवत होता, आणि १९५३ साली त्याने जुन्या वाद्यांचा स्वतःचा ताफाही उभा केला. जुन्या कमानीने वाजवताना वाक्य कुठे तुटतं ते हाताला कळतं. एवढ्याने बाखच्या काळाचा सूर परत येत नाही, पण काही चुका करायला जागा उरत नाही.

‘पण मुंबईतल्या माहीममध्ये हे जुनं युरोपी संगीत कशाला?’ हा प्रश्न मला अधिक कच्चा वाटतो. इथल्या सेंट मायकल चर्चची स्थापना १५३४ ची मानतात. या संगीताचा मोठा इटालियन रचनाकार पालेस्त्रीना तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. पोर्तुगीजांबरोबर हे गाणं या किनाऱ्यावर आलं ते जुनं म्हणून नव्हे, चालू काळाचं म्हणून. पुढे गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी वाचणारे वादक पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले, मुंबईच्या बँडांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत पोचले. तेव्हा माहीमच्या एखाद्या गोवेकर किंवा ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात आजोबांच्या हातची स्वरलिपीची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. आणि त्यातलं गाणं येणारी आजी असेल, तर वहीच्या आधी तिचं गाणं रेकॉर्ड करून घ्या.