कुलूप कोणाचे, हे मी विचारले नाही

कुलूपकाम मी टपालाने आलेल्या धड्यांवरून शिकलो. वालीवच्या कारखान्यातली पाळी संपवून नालासोपाऱ्याच्या खोलीवर यायचो आणि रात्री वाचत बसायचो. लायनस येल ज्युनियरने १८६० च्या दशकात आजच्या रूपाला आणलेले पिनांचे कुलूप मला आकृतीसकट पाठ होते. चावीच्या खाचांवर पिना उचलल्या जातात, त्यांचे सांधे फिरत्या गाभ्याच्या कडेशी एका रेषेत आले की गाभा फिरतो. उत्तरपत्रिका पाठवल्या, प्रमाणपत्र आले आणि मी लगेच लोकांची कामे घ्यायला लागलो. हात तयार झालेला नव्हता.

आमच्याकडे बरीच कामे लिव्हरच्या कुलपांची यायची, अलीगढची टाळी, जुनी लोखंडी कपाटे. लिव्हरची प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीलाच उचलावी लागते, जरा कमी-जास्त उचलली तरी बोल्ट अडतो. मी अंदाजाने कानस चालवायचो आणि दात खोल जायचे. एकदा घासलेले पितळ परत भरता येत नाही. स्टेशनबाहेर बसणारे चावीवाले कोरी चावी कुलपात घालून किंचित पिळतात, बाहेर काढून तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा पाहतात आणि तेवढेच घासतात. त्यांच्यातल्या काही शिकलकरी घरांत हे हत्यारांचे काम पिढ्यांचे आहे. मी रोज त्यांच्यासमोरून गेलो, पण प्रमाणपत्राच्या गर्वात कधी शेजारी बसलो नाही. अर्नाळ्याकडच्या खाऱ्या हवेत अडकलेल्या कुलपांत तेल ओतत राहिलो, धूळ बसून ती आणखी घट्ट झाली. ग्रॅफाइटची पूड वापरायची, हे फार उशिरा कळले.

हे नुकसान पैशांनी भरून देता आले. विरारच्या त्या खोलीचे तसे नव्हते.

गणपतीचे दिवस होते. घरमालक म्हणाला, ‘‘दादा, चावी हरवलीय, लॅच बदलून द्या.’’ त्याने घरपट्टीची पावती दाखवली, मला तेवढी पुरली. दार उघडले तेव्हा आत दोरीवर कपडे होते, भिंतीशी मुलाचे दप्तर होते. ते मी पाहिले, आणि लॅच बदलून मजुरी घेऊन निघालो. भाडेकरू कुटुंब कोकणातून परतले तेव्हा सामानासह जिन्यात अडकले. त्या बाईंनी माझा नंबर शोधून फोन केला. ‘‘आत आमचं सामान होतं. तुम्हाला दिसलं नाही का?’’

दिसले होते. मी तसेच सांगितले आणि रात्रीच जाऊन दार उघडून दिले.

लिव्ह अँड लायसन्सचा करार संपला तरी मालकाने स्वतःच कुलूप बदलून भाडेकरूला बाहेर काढायचे नसते. त्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. हे मला नंतर एका वकिलांनी समजावले. पण दप्तर पाहिल्यावर थांबायला मला कायदा माहीत असण्याची गरज नव्हती. ओळख पटवण्यावरचा धडा माझ्या पुस्तकात होता. परीक्षेत त्यावर प्रश्न नव्हता, म्हणून मी तो वाचलाच नव्हता.

आता मी ओळखपत्र आणि घराचे कागद पाहतो, सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावतो, खोली भाड्याची असेल तर भाडेकरूशी फोनवर बोलल्याशिवाय हत्यारे काढत नाही. परवा एक मालक यावरून चिडला आणि नाक्यावरच्या दुसऱ्या चावीवाल्याकडे गेला. त्या चावीवाल्याला भेटून मी विरारची हकिगत सांगणार आहे.