अक्कलदाढ आणि माझी अक्कल

शाळेत मी मुलांना रोज सांगते, "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." गेल्या महिन्यात दाढ काढल्यावर डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिला, तो मात्र न वाचताच पर्समध्ये टाकला.

खालची अक्कलदाढ आडवी होती. हिरडी कापून काढावी लागली, टाके पडले. घरी येऊन पाऊण तासाने तोंडातली गॉजची घडी काढली तेव्हा रक्त थांबलं होतं. मगरिबला सवयीने वुजूला बसले आणि तीनदा खळखळून चूळ भरली. पाणी आधी गुलाबी, मग लाल. घाबरून आणखी चुळा भरल्या, थुंकत राहिले. तसतसं रक्त वाढतच गेलं. सासूबाई हळद घेऊन धावल्या, ह्यांनी रिक्षा बोलावली.

नववीतल्या लेकीने पर्समधला कागद काढला. "अम्मी, चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, असं लिहिलंय." तिने स्वच्छ गॉज ओलं करून, पिळून, घडी करून दिली. ती त्या जागेवर ठेवून, ताठ बसून, घट्ट चावून धरली. मध्ये काढून पाहायला लेकीने मनाई केली. अर्ध्या तासात रक्त थांबलं. रिक्षा परत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती जखमेची खपलीच. तिच्या आधाराने जखम भरते. जोरात चूळ भरली, थुंकलं, स्ट्रॉने प्यालं की ती निघते. मग रक्त येतं, किंवा दोन-चार दिवसांनी हाड उघडं पडून कानापर्यंत कळ जाते. तंबाखू, मशेरीने हा धोका वाढतो. हळदही जखमेत भरायची नाही. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, डोक्याखाली दोन उश्या, थंड आणि मऊ खाणं. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकी गुळणी. लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नये. पण तासभर दाबून धरूनही रक्त थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जावंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाढ काढण्याआधीच सांगावं, स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आणि वुजू? हनफी, शाफई दोन्ही मसलकांत चूळ सुन्नत आहे, फर्ज नाही. हे मला लहानपणापासून पाठ आहे. गरज पडली तेव्हा आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या बाजूची दाढ अजून काढायची आहे. या वेळी आधी कागद वाचणार, इन्शाअल्लाह. नाहीतर लेक आहेच.