दूध चालतं, पिस्तूल नाही

लखनौ, बुधवार रात्र

ती. आईस सा. न.

तुझा नातू एकदाचा झोपला, म्हणून त्याच्या बापाला लिहायला सवड मिळाली. थंडी भयंकर. हॉटेलचा हीटर नावापुरता. बडा इमामबाडा पाहिला, मोठा आहे. चौकात गोल दरवाजापाशी मात्र मंडळी हलेनात, कारण तिथे मलाई-मक्खन मिळतं. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळून नुसता फेस काढतात, वर केशर-पिस्ता. फक्त हिवाळ्यात, तेही सकाळीच; ऊन चढलं की फेस बसला. घरी साय दिसली की तोंड फिरवणारा तुझा नातू आईचाही द्रोण संपवून बसला.

बाबांच्या गुडघ्याचं कळव.

लखनौ विमानतळ, शुक्रवार दुपार

ती. आईस सा. न.

धुक्याने विमान लांबलंय. हे नवं टर्मिनल 3, मार्च 2024 मध्ये उद्घाटन झालेलं. सजावटीत चिकनकारीची नक्षी आहे म्हणतात. ती बघायला इथे कुणाचे हात रिकामे आहेत?

सुरुवात काउंटरवरच्या साहेबांनी केली. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जातं, त्याला वयाचा पुरावा लागतो. मोबाइलमधला जन्मदाखला पाहून साहेब म्हणाले, "प्रिंट लाइए." सुनेने पिशवीतून छापील प्रत काढली, तर तीही न बघताच शिक्का मारला!

मग तपासणी. घड्याळ, पट्टा, लॅपटॉप, पॉवर बँक ट्रेमध्ये. मुलाला उचलून बाबागाडी घडी करून एक्स-रेच्या पट्ट्यावर. आपली गाडी काळ्या पडद्याआड गेलेली बघताच चिरंजीवांनी असा टाहो फोडला की मागची रांग गप्प झाली. बाप त्याला कडेवर घेऊन धातुशोधक चौकटीतून गेला. सुनेची तपासणी पडद्याआड. तिथल्या सीआयएसएफच्या बाई बाहेर येऊन "अरे बाबू, रोता क्यों है" म्हणाल्या, तर त्याने त्यांच्या शिट्टीलाच हात घातला. दुधाची बाटली जवानाने हलवून पाहिली आणि परत दिली. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघड झाल्यापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात 100 मिलिलिटरची मर्यादा आली, पण बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला तिथेही सूट असते.

पुढच्या कुटुंबातल्या पोराचं प्लास्टिकचं पिस्तूल मात्र काढून घेतलं. आजोबा हुज्जत घालत होते, "खिलौना है, साहब!" पण या शहराला खेळण्याचा अनुभव आहे. 20 डिसेंबर 1978 ला कोलकात्याहून लखनौमार्गे दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान भोलानाथ आणि देवेंद्र पांडे यांनी पळवलं ते खेळण्यातल्या पिस्तुलांवर. मागणी, इंदिरा गांधींना सोडा. विमान वाराणसीला उतरलं, दुसऱ्या दिवशी दोघे शरण आले आणि 1980 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर आमदारही झाले! सीआयएसएफ विमानतळांवर आलं ते पुढे, कंदाहारच्या विमान अपहरणानंतर, 2000 मध्ये.

समोशाचे दर लिहीत नाही, तुला झोप लागणार नाही. रात्री उशीर होईल, मऊ भात टाकून ठेव.

ताई पुढच्या महिन्यात बाळाला घेऊन निघतेय, तिला एवढं सांग: जन्मदाखल्याची छापील प्रत वरच्या कप्प्यात ठेव, दूध आधीच वेगळं काढून दाखव, पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नकोस आणि खेळण्यांची पिशवी निघण्याआधी स्वतः तपास.